नावासकट काढलेली माणसं

वैशाखऱ्याजवळ डांबरी रस्ता सोडून नाणेघाटाची वाट धरली की आधी जंगल लागतं, मग दगडी पायऱ्या, आणि शेवटी घाटमाथ्यावरचं लेणं. कल्याण आणि सोपारा बंदरांतला माल याच वाटेनं जुन्नरकडे चढत होता. जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण अजून माथ्यावर आहे. लेण्याच्या मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या आणि प्रत्येक मूर्तीच्या वर ब्राह्मी लिपीत तिचं नाव कोरलं होतं. मूर्ती फुटून गेल्या, पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. नावं मात्र वाचता येतात: सिमुक सातवाहन, राणी नागनिका, श्री सातकर्णी. बाजूच्या भिंतींवर यज्ञांची आणि दानाची लांबलचक यादी आहे. गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं, सगळं मोजून लिहिलेलं.

चित्र काढायचं, त्यावर नाव घालायचं आणि शेजारी त्या माणसाची करणी लिहायची, हे आपल्या मुलखात दोन हजार वर्षांपूर्वी झालं. पण त्या पायऱ्या ज्यांनी घडवल्या, गोणी पाठीवर घेऊन जे घाट चढले, त्यांचं चित्र लेण्यात नाही आणि नावही नाही. पुढच्या पानांत ज्या पुस्तकांची ओळख करून दिली आहे ती याच उणिवेवर उभी आहेत. ज्यांना भिंतीवर जागा मिळाली नाही त्यांना चित्रात आणायचं आणि नावासकट आणायचं, हे त्यांचं काम आहे.

ही ओळख मुख्यतः मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या शिक्षकांसाठी, आश्रमशाळांच्या अधीक्षकांसाठी, गावात वाचनालय चालवणाऱ्यांसाठी आणि मुलांना मांडीवर घेऊन वाचणाऱ्या आईबापांसाठी आहे. पुस्तकं दोन प्रकारची आहेत. काही माणसाच्या हक्कासाठी झालेल्या लढ्यांची, काही चित्रकारांच्या आयुष्यांची. ग्रंथालयात पहिली इतिहासाच्या कपाटात जातात आणि दुसरी कलेच्या. मी ती मुद्दाम एकत्र ठेवली आहेत. ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चित्र काढणाऱ्या बाईला स्वतःचं नाव लिहायला शिकवलं गेलं नाही, तिथे चित्राखाली सही करणं हाही हक्काच्याच इतिहासाचा भाग आहे. हे मनात ठेवलं की दोन्ही कपाटांमधली भिंत राहत नाही.

मराठीत मुलांसाठी चरित्रं कमी नाहीत. थोर पुरुषांची मालिका, तीस-चाळीस पानं, मुखपृष्ठावर एक चेहरा, आत जन्मतारीख, शिक्षण, कार्य, निधन. मूल ते परीक्षेपुरतं पाठ करतं. त्या चरित्रातल्या माणसाला कधी तहान लागली होती, कधी भीती वाटली होती, हे त्याला कळत नाही. थोर माणूस थोरच जन्माला आला असं वाटत राहतं. अनंत पै यांनी 1967 साली ‘अमर चित्र कथा’ सुरू केली आणि 1979 मध्ये त्या मालिकेत बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र आलं. त्या पुस्तकाचे उपकार मानायला हवेत. ज्या घरांत बाबासाहेबांवर एकही पुस्तक गेलं नसतं, तिथे ते गेलं. पण त्याची रीत मालिकेचीच होती: चौकटीमागून चौकट, घटनेमागून घटना. चित्रानं स्वतःहून काही सांगायचं नाही, लिहिलेलं दाखवायचं एवढंच.

2011 साली ‘नवयान’नं प्रसिद्ध केलेल्या ‘भीमायन’नं ही रीत मोडली. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रं मंडला भागातून भोपाळला आलेल्या दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची. माणसांना चौकटींत कोंडायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. त्यांच्या घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढतात त्या दिग्ना नक्षीच्या वळणदार पट्ट्यांनी त्यांनी पानं विभागली, त्यामुळे गोष्ट पानभर मोकळी फिरते. मायेनं बोलणाऱ्याच्या शब्दांना पक्ष्याचा आकार आहे आणि टोचून बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी. मनातल्या विचाराला डोळा आहे. वाचता न येणारं मूलही त्या पानावर कोण कुणाशी कसं वागतंय ते ओळखतं.

या पुस्तकाचा एक मोठा आधार म्हणजे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणी. 1901 सालची गोष्ट. वडील बाहेरगावी नोकरीला. उन्हाळ्याच्या सुट्टीत भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची दोन मुलं नवे कपडे घालून, आगगाडीत बसून त्यांना भेटायला निघतात. मसूर स्टेशनवर उतरतात. न्यायला कुणी आलेलं नाही, कारण पत्र वडिलांच्या हाती पडलेलंच नाही. स्टेशनमास्तर आधी आपुलकीनं चौकशी करतो, आणि मुलांच्या तोंडून जात कळताच त्याचा चेहरा बदलतो. बैलगाडीवाले बसवून घ्यायला तयार नाहीत. शेवटी दुप्पट भाडं ठरतं, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान शेजारून चालणार. बरोबर खायला आहे, पण रात्रभर पाणी मिळत नाही. व्याम दांपत्यानं तहानलेल्या भीमच्या धडाचा मासा केला आहे. त्या चित्रापाशी मुलं थांबतात. एका पाड्यावर मी ही गोष्ट सांगत असताना एका मुलीनं विचारलं, “गाडीवानाकडं पाणी नव्हतं, का होतं आणि दिलं नाही?” अस्पृश्यता या विषयाच्या मुळाशी जाणारा हा प्रश्न आहे. इयत्ता चौथीच्या पुस्तकातली व्याख्या घोकून तो सुचला नसता.

महाडचं चवदार तळं हे याच प्रवासाचं पुढचं पाऊल आहे. 20 मार्च 1927 ला हजारो माणसांनी तळ्याकाठी जाऊन पाणी घेतलं, ते पाणी मसूरच्या रस्त्यावर त्या मुलाला न मिळालेलं पाणी होतं. सनावळ्यांत या दोन घटना सव्वीस वर्षांच्या अंतरानं उभ्या असतात. चित्रांच्या पुस्तकात मूल एका बैठकीत दोन्ही पाहतं आणि त्यांचा संबंध त्याला कुणी समजावून द्यावा लागत नाही.

‘भीमायन’ लहान मुलांसाठी लिहिलेलं नाही, हे इथे सांगितलं पाहिजे. मजकूर दाट आहे. सहावी-सातवीच्या खालच्या मुलांना ते हातात देऊन उपयोग नाही. मोठ्या माणसानं चित्र दाखवत आपल्या बोलीत सांगावं. त्याहून लहानांसाठी चेन्नईच्या ‘तूलिका’चं सौम्या राजेंद्रन यांनी लिहिलेलं आणि सात्विक गडे यांनी चित्रं काढलेलं भीमरावाच्या बालपणाचं पुस्तक आहे. त्यातला मुलगा सारखा ‘का’ विचारतो. याच प्रकाशनानं महाश्वेतादेवींचं ‘का का’ विचारणाऱ्या शबर मुलीचं पुस्तकही काढलं आहे. त्यातली मोयना शेळ्या राखते, कष्ट करते आणि प्रश्न विचारायचं सोडत नाही. ठाकर आणि कातकरी पाड्यांवर या पुस्तकाला ओळखपाळख लागत नाही.

जोतीराव फुल्यांवर 2011 मध्येच श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांचं चित्रपुस्तक आलं. त्याचा पाया ‘गुलामगिरी’ हा 1873 सालचा ग्रंथ. तो ग्रंथ जोतीरावांनी अमेरिकेतल्या निग्रो लोकांना गुलामीतून सोडवण्यासाठी झटलेल्या माणसांना अर्पण केला होता. पुण्यात बसून, इथल्या शूद्रातिशूद्रांबद्दल लिहिताना त्यांना समुद्रापलीकडची माणसं आपली वाटली. 1946 मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकी काळ्या समाजाचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, 1972 मध्ये मुंबईत तरुणांनी ‘दलित पँथर’ हे नाव घेतलं, ती याच नात्याची पुढची टोकं. म्हणून या ओळखीत अमेरिकेची पुस्तकं आली आहेत. ती परदेशी म्हणून वेगळ्या विभागात टाकलेली नाहीत.

रूबी ब्रिजेसचं पुस्तक त्यांपैकी पहिलं वाचावं. 14 नोव्हेंबर 1960 ला न्यू ऑर्लीन्स शहरात सहा वर्षांची ही काळी मुलगी फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या शाळेत पहिल्यांदा गेली. बाहेर जमाव शिव्या देत उभा, आणि तिच्या पुढेमागे सरकारी पहारेकरी. गोऱ्या पालकांनी मुलं काढून घेतली. वर्षभर ती वर्गात बाईंसमोर एकटी शिकली. रॉबर्ट कोल्स यांचा मजकूर आणि जॉर्ज फोर्ड यांची चित्रं असलेलं हे पुस्तक 1995 चं. त्याच्याही आधी, 1964 मध्ये, नॉर्मन रॉकवेल यांचं याच प्रसंगाचं चित्र प्रसिद्ध झालं होतं. त्यात पहारेकऱ्यांची डोकी चित्राच्या वरच्या कडेनं कापली गेली आहेत. पांढऱ्या झग्यातली मुलगी तेवढी पुरी दिसते, आणि मागच्या भिंतीवर फेकून मारलेल्या टोमॅटोचा डाग. रॉकवेल यांनी नजर मुलीच्या उंचीवर आणून ठेवली. हक्काच्या इतिहासाची चित्रं कुठून पाहून काढायची याचा इतका चांगला धडा मला दुसऱ्या चित्रात मिळालेला नाही. आपल्याकडे सावित्रीबाईंवर शेण फेकल्याचं चित्र बहुतेक वेळा रस्त्यापलीकडून काढलेलं असतं; फेकणारे मोठे दिसतात आणि बाई लहान. चित्रकारानं तिच्या शेजारी उभं राहायला हवं.

मार्टिन लूथर किंग यांच्यावर पुस्तकं पुष्कळ. 1957 साली मॉन्टगोमेरीच्या बस बहिष्कारावर दहा सेंटांचं चित्रकथेचं चोपडं निघालं होतं, त्यात गांधीजींची वाटही समजावून दिली होती. ते वाचलेले जॉन लुईस पुढे या चळवळीचे मोठे नेते झाले आणि त्यांनी आपली हकीकत ‘मार्च’ या तीन भागांच्या चित्रपुस्तकात सांगितली. मात्र आपल्या मुलांना दाखवायला मी निवडलं आहे ते चेन्नईच्या ‘तारा बुक्स’चं 2010 मधलं पुस्तक. मेम्फिसचे काळे कथेकरी आर्थर फ्लॉवर्स यांनी सांगितलेली किंग यांची गोष्ट बंगालच्या मेदिनीपूर भागातले पटचित्रकार मनू चित्रकार यांनी काढली. पटुआ लोक लांब पट उलगडत गाऊन गोष्ट सांगतात. त्याच हातानं त्यांनी अमेरिकेतले मोर्चे काढले. डोळे मोठे, अंगाच्या रेषा जाड, चेहरे कुठल्याही गावातले. हे पुस्तक उघडल्यावर मुलांना ही लांबच्या देशाची गोष्ट आहे असं वाटतच नाही.

आता चित्रकारांची आयुष्यं. फेथ रिंगगोल्ड न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये 1930 साली जन्मल्या. शिवणकाम करणाऱ्या आईबरोबर त्यांनी 1980 मध्ये पहिली चित्रांची गोधडी केली. 1988 च्या अशाच एका गोधडीवरून 1991 मध्ये ‘टार बीच’ हे मुलांचं पुस्तक झालं. उन्हाळ्यात चाळीच्या गच्चीवर झोपलेली आठ वर्षांची कॅसी शहरावरून उडते. तिचा बाप मोठमोठे पूल आणि इमारती बांधायला जातो, पण त्याच्या रंगामुळे त्याला कामगार संघटनेत घेत नाहीत. कॅसी ती संघटनेची इमारतच उडत जाऊन बापासाठी जिंकून घेते. मुंबई-ठाण्याच्या बांधकामावर ज्यांचे बाप जातात त्या मुलांना यातलं काय समजावून सांगायचं? गोधडीही त्यांच्या घरातलीच आहे.

बिहारच्या मधुबनीजवळच्या रांटी गावच्या दुलारीदेवी मल्लाह समाजातल्या. धुणीभांडी करायला ज्या घरी जायच्या, तिथे त्यांनी महासुंदरीदेवी आणि कर्पूरीदेवी यांना चित्रं काढताना पाहिलं आणि त्या शिकल्या. 2010 मध्ये ‘तारा’नं त्यांची गोष्ट त्यांच्याच चित्रांतून प्रसिद्ध केली. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण पद्मश्रीपेक्षा मुलांच्या मनात राहतं ते भांडी घासणाऱ्या हातात कुंचला येणं.

आणि मग आपल्या जवळचे जिव्या सोमा म्हसे. 1934 चा जन्म. लहानपणी आई गेली आणि मुलगा बोलायचा थांबला. धुळीत रेघा ओढून सांगायचा. पुढे डहाणू तालुक्यातल्या गंजाडला ते राहिले. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक सुवासिनी काढतात: गेरूनं सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची काडी, मध्ये पालघट देवी. पुरुषानं रोजच्या रोज चित्र काढत बसणं तेव्हा नवलाचं होतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या भागात आले. त्याआधी मधुबनीच्या बायकांच्या हातात कागद देणारे कुलकर्णी हेच. म्हसे यांना 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, 2009 मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार आणि 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. मे 2018 मध्ये ते गेले. त्यांच्या जाळ्याच्या चित्रात हजारो बारीक रेषा आहेत आणि प्रत्येक रेषा मोकळ्या हातानं ओढलेली आहे. मुलांना भिंगातून पाहू द्यावं.

म्हसे यांच्यावर मुलांसाठी लिहिणाऱ्यानं एक गोष्ट विसरू नये. त्यांच्या आधी शेकडो वर्षं तो चौक काढणाऱ्या बायकांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत. लग्न झालं की पुढच्या सारवणात ते चित्र जायचं. रमेश हेंगाडी, शांताराम धडपे, रसिका हेंगाडी आणि कुसुम धडपे यांनी मिळून ‘तारा’साठी क्रियापदांचं जे वारली पुस्तक केलं, त्यात बायकांची नावंही छापली आहेत. छोटी वाटणारी ही बाब मला फार मोलाची वाटते. आज रिक्षापासून सरकारी कंपाउंडच्या भिंतीपर्यंत सगळीकडे वारली चित्रं दिसतात आणि काढणाऱ्याचं नाव बहुतेक ठिकाणी नसतं.

इथवर आल्यावर जाणवतं की या यादीत आपल्या तालुक्यांची पुस्तकं नाहीत. विषय मात्र जागोजाग आहेत. जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे आलेल्या मोजक्या वारल्यांनी परत जाऊन जे पेटवलं, त्यातून वेठबिगार आणि लग्नगडीची प्रथा मोडली. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोनं त्याच्या घरी जन्मभर राबायचं, ही ती प्रथा. 10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड आणि त्याचे साथी पडले. या लढ्यावरचं गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मोठ्यांनी वाचलं, त्याला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण त्यातल्या मुलाबायकांची चित्रं कुणी काढली नाहीत.

मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर 2 जानेवारी 1943 च्या पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. कोतवाल माथेरानच्या नाभिक कुटुंबातले, वकील झालेले. सावकारी पाशातल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठार चालवलं, शाळा काढल्या, आणि 1942 मध्ये आझाद दस्ता उभारून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. दरवर्षी तिथे मानवंदना होते, भाषणं होतात. मुलांच्या पुस्तकानं मात्र भाषणात न येणाऱ्या गोष्टी विचाराव्यात: डोंगरात लपलेल्यांना भाकरी कोण पोचवत होतं, पहाटे दव पडलेल्या जंगलात काय दिसलं, कोठारातलं धान्य मोजून कसं देत होते. इथल्या वाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांकडे घरात ऐकलेलं अजून असेल, तर ते याच दोन-चार वर्षांत लिहून घ्यायला हवं.

अगदी अलीकडचंही सांगते. मार्च 2018 मध्ये नाशिकहून निघालेला किसान लाँग मार्च कसारा घाट उतरून शहापुरातून मुंबईकडे गेला. वनजमिनीच्या हक्कासाठी चालणाऱ्या त्या माणसांत आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येनं होते. शेवटच्या रात्री शीवहून आझाद मैदानापर्यंत ते अंधारातच चालले, कारण सकाळी दहावीच्या मुलांची परीक्षा होती आणि रस्ता अडायला नको होता. चित्रांच्या पुस्तकाला याहून पुरी गोष्ट कुठली हवी? शहापूरच्या ज्या मुलांनी तो मोर्चा रस्त्याकडेला उभं राहून पाहिला, ती आता चित्रं काढायच्या वयाची आहेत.

अशी पुस्तकं करणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. मुखपृष्ठावर चित्रकाराचं नाव लेखकाच्या नावाइतक्याच अक्षरात छापा. ठाकर, कातकरी, महादेव कोळी माणूस काढताना त्याच्या हातातला कोयता, बाईच्या लुगड्याची नेसण, घराची कुडाची भिंत बरोबर काढा. मुलं आधी तेच तपासतात. अत्याचाराचं चित्र टाळू नका, पण सोसणाऱ्याचा चेहरा केवळ रडका ठेवू नका. आणि बोलणाऱ्याच्या तोंडी त्याची बोली ठेवा.

वापराबद्दल शेवटचं. दिवाळीनंतर इथली पुष्कळ कातकरी कुटुंबं उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलंही जातात. शाळेच्या कपाटातली पुस्तकं मात्र जून ते ऑक्टोबर एवढीच त्यांची असतात. म्हणून पुढच्या यादीत प्रत्येक पुस्तकापुढे त्याचा आकार, पानं आणि बांधणी दिली आहे. पातळ, पिन मारलेली, भिजली-फाटली तरी चालतील अशी पुस्तकं भट्टीवर जाणाऱ्या मुलांच्या पिशवीत द्यावीत. दुलारीदेवींचं आणि मोयनाचं आधी. ‘भीमायन’ आणि किंग यांचं पुस्तक शाळेतच ठेवून मोठ्यानं सांगावं. यातली बरीच पुस्तकं इंग्रजीत आहेत, तेव्हा पुढे प्रत्येकाची गोष्ट मराठीत थोडक्यात दिली आहे. तेवढी वाचून, चित्र मुलांकडे वळवून, आपल्या शब्दांत सांगायला सुरुवात करता येईल.